कॅमेऱ्याचे चित्र अडखळत असेल, तर या चुका टाळा

लातूर, परभणी, बीडकडे आता घरासोबत शेतातल्या आखाड्यावरही (शेतातल्या निवाऱ्यावरही) सीसीटीव्ही कॅमेरे दिसू लागले आहेत. त्यांचे चित्र अडखळू लागले की बहुतेक जण आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात आणि पैसे वाया घालवतात, कारण एनव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, जोडलेल्या टीव्हीवर चित्र पाहताना इंटरनेटचा संबंधच येत नाही. म्हणून पहिली तपासणी टीव्हीवरच करावी. तेथे चित्र सुरळीत चालते आणि बाहेरगावी मोबाइलवरच थांबते, असे असेल तर घरचा अपलोडचा वेग किंवा मोबाइलचे नेटवर्क कमी पडत आहे. टीव्हीवरही ते अडखळत असेल, तर दोष कॅमेरा, केबल, वायफाय किंवा एनव्हीआर यांपैकी कशात तरी आहे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक सेटिंग सर्वोच्च ठेवणे. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम (सुटी चित्रे) पाठवत असेल, तर त्याला साधारण ४ ते ६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) इतका वेग लागतो. असे चार कॅमेरे एकाच अशक्त वायफायवर टाकले, की चित्र तुटणारच. फाटक आणि अंगणासाठी सेकंदाला १५ फ्रेम पुरेशा असतात. मोबाइलवर पाहण्यासाठी कमी रिझोल्यूशनची सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचे दुसरे हलके चित्रण, निवडावी. एच.२६५ या नव्या पद्धतीमुळे डेटा बराच वाचतो, पण जुन्या मोबाइलला ते उलगडणे जड जाते आणि तेव्हा दोष नसताना कॅमेराच बदलला जातो, याचे वाईट वाटते.

जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती वायफायचा जोर खातात, तर आखाड्यावरचे पत्रे तो जवळजवळ अडवतातच. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झ दूरवर पोहोचते; मात्र त्यात १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनेल निवडावा. तरीही माझे मत स्पष्ट आहे: कायमच्या कॅमेऱ्याला केबलच द्यावी. ती घेताना तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल टाळावी, कारण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज अधिक पडते आणि केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा, विशेषतः रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ शकतो. शुद्ध तांब्याची कॅट ६ केबलही १०० मीटरपलीकडे सलग नेऊ नये. मध्ये नेटवर्क स्विच बसवावा.

दिवसा नीट आणि रात्रीच चित्र झटके खात असेल, तर नेटवर्कशी झटापट करण्याआधी शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, पाहावे. अंधारात अधिक उजेड मिळवण्यासाठी कॅमेरा स्लो शटर आपोआप सुरू करतो, आणि शटर सेकंदाचा १२वा भाग उघडे राहिले तर सेकंदाला १२ पेक्षा अधिक फ्रेम मिळूच शकत नाहीत. स्लो शटर बंद करावे, शटरची मर्यादा १/२५ सेकंद ठेवावी आणि फाटकापाशी एक एलईडी दिवा लावावा. दिव्याखाली चित्र लुकलुकत असेल, तर सेटिंगमध्ये ६० ऐवजी आपल्याकडील विजेची ५० हर्ट्झ वारंवारता निवडलेली आहे ना, हेही पाहून घ्यावे.