जंगल वाचलं की तोड शेजारी सरकली? तपासायचं असं

ब्राझीलमध्ये २००६ साली सोया व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनमधल्या नव्या तोडीवर पिकलेलं सोयाबीन न घेण्याचा करार केला. शेजारचा सेराडो हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश त्यातून बाहेर राहिला. शिवाय वनकायद्याने ॲमेझॉनच्या जंगलात मालकाला ८० टक्के जमीन राखावी लागते, सेराडोच्या बहुतेक भागात २०च टक्के. तोडीला वाट मोकळीच होती.

नियमाआधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं घ्या. संरक्षित सीमेबाहेर ० ते १० आणि १० ते २० किमीचे पट्टे आखा. नुसते हेक्टर मोजू नका, उरलेल्या जंगलापैकी दरवर्षी किती टक्के गेलं ते काढा. मग माती, उतार आणि रस्त्यापासूनचं अंतर सारखं असलेला, पण दूरचा भाग तुलनेला घ्या. हे टाळलंत तर सगळंच फसतं: सोयाचा भाव चढला की तोड सगळीकडे वाढते आणि ती सरकलेली वाटते.

नकाशा निवडताना जपा. सेराडोतली झाडं बुटकी, विरळ. किमान ३० टक्के छत्राची (झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीची) अट लावलेल्या वृक्षाच्छादन नकाशात तिथली बरीच तोड उमटतच नाही. ब्राझीलच्या ‘इन्पे’ या अवकाश संशोधन संस्थेचा सेराडोसाठीचा ‘प्रोदेस’ हा तोडीचा उपग्रह-नकाशा वापरा. त्याचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असतं.

पट्ट्यांत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुरणावर सोया आला की गुरं दूरच्या जंगलाकडे ढकलली जातात. त्यासाठी तालुकावार सोयाक्षेत्र आणि गुरांची संख्याही जोडून पाहा.