ब्रेकच्या तापमानाचा आकडा: लाइन मेंटेनन्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

विमान देखभाल परवान्याच्या परीक्षेतील अकराव्या मॉड्यूलचा अभ्यास करताना ब्रेकची रचना सर्वांनीच वाचलेली असते, त्यामुळे कार्बनच्या चकत्या, पिस्टन आणि चकत्यांची झीज दाखवणारी वेअर पिन यांची उजळणी येथे करत नाही. नागपूरला लाइनवर, म्हणजे दोन उड्डाणांमधील देखभालीच्या कामावर, रुजू होणाऱ्या आणि एअरबस ए-३२० विमानावर काम करणाऱ्या मुलामुलींना मला ब्रेकच्या तापमानाबद्दल सांगायचे आहे, कारण परीक्षेत सोपा वाटणारा हा विषय एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, भल्याभल्यांना चकवतो.

विमान उभे राहताच कॉकपिटच्या पडद्यावर जे तापमान दिसते, त्यावर निर्णय घेऊ नका. चकत्यांमधील उष्णता सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे चॉक (चाकाला लावायची अडण) लावताना २२० अंश दाखवणारा ब्रेक दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे प्रवासी उतरून सफाई सुरू असताना, ३००च्या पुढे गेलेला असू शकतो. खरी गफलत त्यानंतर, ब्रेक फॅन सुरू केल्यावर होते. फॅनचा वारा सेन्सरला लवकर थंड करतो, आकडा भराभर उतरतो आणि सर्वांना हायसे वाटते. चकत्यांचा गाभा मात्र अजून तापलेलाच असतो. म्हणूनच उड्डाणासाठी फॅन बंद असताना ३०० अंशांची आणि फॅन सुरू असताना १५० अंशांची मर्यादा आहे. हे दोन्ही आकडे मला तोंडपाठ होते, पण ते वेगळे का, हे कळायला फार काळ गेला, आणि तोवर प्रत्येक घाईच्या टर्नअराउंडला (विमान उतरल्यापासून पुढच्या उड्डाणापर्यंतच्या वेळात) पोटात गोळा येत असे. प्रश्नसंचांच्या झेरॉक्सवर परीक्षा निघते, पण तसे पाठांतर कामालाही पुरते हा समज परीक्षेपाशीच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापलेल्या ब्रेकवर गळालेले हायड्रॉलिक तेल पडले तर चाक आत घेतल्यावर आग लागू शकते. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एका बोइंग ७२७चा तापलेला टायर उड्डाणानंतर फुटला आणि १६७ माणसे गेली. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि एप्रनचे काँक्रीटही तापलेले असते, त्यामुळे डिसेंबरात पुरणारा टर्नअराउंड तेव्हा पुरेलच असे नाही. अशा वेळी विलंब होईल हे लवकर आणि शांतपणे कळवावे. सुरुवातीला आवाज कापतो, पण नियम तुमच्या बाजूने आहे आणि काही महिन्यांत ही भीती जाते.

तापलेल्या चाकाकडे बाजूने कधीही जाऊ नका; समोरून किंवा मागून जा, कारण रिम फुटल्यास तुकडे बाजूला उडतात. फ्यूज प्लग वितळून टायरमधील दाब सोडतो, परंतु त्याच्या भरवशावर जवळ उभे राहणे हा वेडेपणा आहे. चाकापाशी हात नेऊन ‘झालं थंड’ म्हणणारे सीनियर कितीही मायेने शिकवत असले, तरी त्यांचे अनुकरण करू नका. विचारल्यावर मॅन्युअलचे पान उघडून समोर ठेवणारा माणूस गुरू म्हणून शोधा.

शेवटी, चारही ब्रेकचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचायला शिका. एकच ब्रेक फार तापला असेल तर तो चिकटून राहत असल्याचा संशय घ्यावा, हे सर्वांना सुचते; पण एकच ब्रेक विलक्षण थंड असेल तर तो काम करत नसून त्याचा भार शेजारचा ब्रेक वाहत असण्याची शक्यता असते, आणि अशा थंड ब्रेकचीही टेक्निकल लॉगमध्ये (विमानातील बिघाडांच्या नोंदवहीत) नोंद व्हायलाच हवी.