ब्राऊन ब्रेडच्या नावाखाली मैदा विकला जात नाही ना, हे कसे तपासावे

पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, तारीख आणि निव्वळ वजन पाहून घ्यावे. पावावर आयोडीनचा थेंब टाकण्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला मात्र सोडून द्यावा, कारण स्टार्च मैद्यात असतो तसाच कणकेतही असतो आणि दोन्ही पाव सारखेच निळे-काळे पडतात.

खरी कसोटी पाकिटाच्या मागे, शिवणीच्या चुरगळीत बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीची आहे. ती नीट वाचायला मलाही बराच काळ लागला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे पहिले नाव निर्णायक ठरते. तेथे ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ हवा. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे सरळ मैदा, आणि नुसते ‘व्हीट फ्लोअर’ असे मोघम लिहिले असेल तर तोही मैदाच धरून चालावे.

त्यानंतर यादीत मीठ कोठे आहे ते शोधावे, हे कोणी सांगत नाही. पावात मीठ पिठाच्या सुमारे २ टक्केच असते. त्यामुळे दर्शनी बाजूला मिरवलेली नाचणी, ज्वारी किंवा जवस मिठानंतर आले असतील, तर ते फोडणीतल्या हिंगाइतकेच आहेत असे समजावे. ज्या घटकाचा गाजावाजा केला आहे त्याची टक्केवारी छापावी लागते. ‘मल्टिग्रेन मिश्रण’ लिहून कंसात दहा धान्ये मोजली असली, तरी मिश्रणाचा आकडाच पाहावा. पुढे १५०ए ते १५०डी यांपैकी क्रमांक दिसला, तर तो कॅरॅमल रंग होय. तो विष नव्हे, पण मैद्याला कणकेचे रूप देण्यासाठी वापरणे ही माझ्या मते उघड लबाडी आहे.

पाव चांगला फुगावा म्हणून पिठात मिसळल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर २०१६ मध्ये बंदी आली. चोरून वापरणारा ते यादीत लिहिणार नाही आणि घरी ते ओळखता येत नाही. तसा संशय असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा हेतू विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो. अहवालात उल्लंघन आढळले, तर शुल्क परत मिळते. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी, आणि तोवर पावतीबरोबर रिकामे पाकीटही जपून ठेवावे, कारण बॅच क्रमांक त्यावरच असतो.