हरिकेनच्या अंगावर डेकल बसवताना

हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं प्लॅस्टिक मॉडेल पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर भरतं. खरं विमान ४० फुटांचं. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा हेच विमान झालंय. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंगांच्या नेतृत्वाखाली आपल्या हवाई दलाची १ नंबरची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती, एवढं कारण मला पुरतं. पण या मॉडेलची परीक्षा बांधणीत होत नाही, रंगातही अर्धीच होते. ती होते धडावरचा गोल डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं हवाई दलाचं गोल चिन्ह, बसवताना. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो.

भाग कटरने काढा, राहिलेला खुंट ब्लेडने तासा. कॉकपिट रंगवून झाल्यावरच धडाचे दोन अर्धे जोडा. पातळ प्लॅस्टिक सिमेंट सांध्यावर ब्रशने टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. फटीत पुट्टी, वर ४०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर प्राइमर. एवढंच जपा की हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता, त्यामुळे मॉडेलवर तिथे लांबट उभार आहेत. सांधा घासताना ते सपाट करू नका. कॉकपिटची काच फेविकॉलने चिकटवा. सुपरग्लूच्या वाफेने ती पांढुरकी होते.

आता रंग. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मॉडेलजवळ आणू नका, ते प्लॅस्टिकच खातं. रंग ज्या कंपनीचा, थिनरही तिचंच घ्या. रंग दुधाइतका पातळ करा.

यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले असतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एअरब्रशमधून निघालेला ॲक्रिलिकचा थेंब विमानापर्यंत पोचेस्तोवर अर्धा सुकलेला असतो. तो पसरत नाही, रवाळ होऊन बसतो. डोळ्यांना रंग छान मॅट दिसतो, आणि घात इथेच होतो. जुन्या बनियनचं फडकं हलक्या हाताने फिरवून बघा. धागे अडकले तर पृष्ठभाग बिघडलाय, २००० च्या वॉटर पेपरने ओला घासून पुन्हा रंगवा. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाच ते आठ एवढ्याच वेळात फवारतो. कूलर बंद, कारण त्याच्या हवेत ओल असते आणि धूळही. रंगात रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणारं द्रव्य) दोन-चार थेंब, दाब १५ पीएसआयच्या आसपास, आणि एअरब्रश मॉडेलपासून चार बोटांवर. रंग बसताना क्षणभर ओला चमकला पाहिजे. एअरब्रश नसेल तर सपाट ब्रशने तीन पातळ थर द्या, चालतं.

मातकट आणि हिरवा पट्टा वाळला की सगळ्या विमानावर ग्लॉस वार्निशचे दोन पातळ थर द्या आणि २४ तास हात लावू नका. ही पायरी गाळू नका. डेकल चंदेरी दिसतं ते डेकल खराब म्हणून नव्हे. खरखरीत मॅट रंगाच्या खाचांमध्ये हवा अडकते आणि ती पारदर्शक कडेखालून चमकते. ‘आधी मॅटवरच लावा, वरून मॅट वार्निश मारलं की चंदेरी जातं’ असं अनेक जण सांगतात. जात नाही. हवा डेकलच्या खाली आणि वार्निश वर, मग जाणार कसं?

डेकलसाठी बोअरचं पाणी वापरू नका. आमच्याकडचं पाणी जड. माझ्या दुसऱ्या हरिकेनवर डेकल उत्तम बसले होते. दोन दिवसांनी प्रत्येकाभोवती क्षाराची पांढरी रेघ उमटली, आणि काही ठिकाणी ती डेकलच्या खाली होती, म्हणजे पुसायची सोयच नाही. तेव्हापासून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणीच घेतो. फक्त सीलबंद बाटलीतलं.

किट जुना असेल तर आधी नको असलेला एखादा डेकल बुडवून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर ग्लॉस वार्निशचा हात द्या, वाळू द्या, मग प्रत्येक डेकल कडेला लागून कापा.

आग्नेय आशियातल्या दोस्त विमानांच्या गोलात लाल ठिपका नसतो, निळ्यात फिकट निळा असतो. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढला होता. किटमध्ये लाल ठिपक्याचे गोल आले असतील तर इंफाळच्या विमानावर ते लावू नका.

हा गोल येतो नेमका त्या कापडी उभारांवर. कोमट पाण्यात २० सेकंद बुडवा, मग ओल्या टिश्यूवर ठेवून कागदावरून आपोआप सरकेपर्यंत थांबा. जागेवर डेकल सेटरचा (डेकल चिकटायला मदत करणारा द्रव) थेंब टाका, डेकल ब्रशने सरकवा, उचलू नका. जागा पक्की झाली की ओल्या कानकोरणीच्या कापसाने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. मग वरून डेकल सॉफ्टनर लावा आणि हात मागे घ्या.

पाच मिनिटांत गोल सुरकुततो. वाळलेल्या केळीच्या पानासारखा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा घाबरून मी बोटाने सपाट करायला गेलो आणि गोल दोन जागी फाटला. सॉफ्टनरने डेकल त्या वेळी साईसारखा मऊ झालेला असतो. हात लावू नका. तासाभरात सुरकुत्या स्वतःच बसतात आणि डेकल उभारांमध्ये उतरतो. तरी दोन उभारांच्या मधे चंदेरी रेघ राहिली तर बारीक सुईने तिथे टोचा, पुन्हा सॉफ्टनर लावा, पुन्हा थांबा. मला कधी कधी चार वेळा करावं लागलंय. एका संध्याकाळी एकच बाजू घ्या.

दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, एक पातळ ग्लॉस थर द्या, रेषांमध्ये काळपट वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरा आणि शेवटी मॅट वार्निश मारा. तेही पहाटेच. पंख्याच्या पात्यांची टोकं पिवळी करा. खऱ्या विमानावर ती ४ इंचांची होती, इथे दीड मिलिमीटरला किंचित कमी. काचेवरची मास्किंग टेप सगळ्यात शेवटी काढा आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात डेकल पिवळे पडतात.