जुनी एअर रायफल घेताना आधी सिलिंडर बघा

10 मीटर नेमबाजीसाठी बजेटात बसणारी सेकंडहँड पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल शोधताय? रंगरूप नंतर, आधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याचं आयुष्य साधारण 10 वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायला गेलात की स्वस्ताईची हवाच निघते. मालक तयार असेल तर सिलिंडरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा आकडा टिपून रायफल रात्रभर ठेवा. सकाळी काटा बराच उतरला असेल तर सील गेलंय. बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) नि चीकपीस (गालाला टेकणारा भाग) तुमच्या अंगाला जुळतात का, तेही बघाच. उरलेले पैसे भारी डायॉप्टरवर (नेम धरायच्या मागच्या बारीक छिद्राच्या साइटवर) उधळू नका, छऱ्यांवर घाला. चपट्या तोंडाच्या 4.5 मिमी छऱ्यांचे दोन-तीन वेगवेगळे डबे आणा, रेंजवर टेकू देऊन प्रत्येकातले 10 झाडा. टार्गेटवर ज्याचं भोक सगळ्यात लहान, तो डबा तुमचा. मग तो स्वस्तातला का असेना.