भांडणाऱ्या दोन सशांची गट्टी कशी जमवावी

दोन महिन्यांची असताना एकमेकांच्या अंगावर पडून झोपणारी पिल्लं चौथ्या महिन्यात एकमेकांचे केस उपटायला लागतात. आपण घाबरून चार जणांना विचारतो आणि तेच सल्ले पुन्हा ऐकतो. ‘भांडू द्या, आपोआप शांत होतील.’ ‘एकाच पिंजऱ्यात ठेवा, सवय होईल.’ ‘दोघांना एका टोपलीत घालून स्कूटरवरून चक्कर मारून आणा, घाबरले की चिकटतील.’ या सल्ल्यांपायी जखमी झालेले ससे मी हाताळले आहेत. त्यातली एक माझीच होती.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मराठीत रानातल्या आणि घरातल्या दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण ते वेगवेगळे प्राणी आहेत. आपल्या माळावरचा ससा एकटा राहतो, गवतात बसका करून झोपतो, त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात. घरात पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं खणून टोळीत राहणारा. म्हणून त्याला सोबत लागतेच. पण टोळी म्हटली की हद्द आली आणि वरची-खालची पायरी आली. दोन ससे भांडतात ते याच दोन गोष्टींसाठी. त्यांची हद्द आपण काढून घ्यायची आणि पायरी त्यांना ठरवू द्यायची. पुढचं सगळं काम यातूनच निघतं.

नसबंदी दोघांचीही करा, नराची आणि मादीची. ‘एकाची केली तर चालेल का?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. चालणार नाही. दोन्ही माद्या असल्या तरी नाही. पिल्लांचं लिंग ओळखण्यात दुकानदार सर्रास चुकतात, त्यामुळे ‘दोन बहिणी’ म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणं नेहमीचं आहे. मादीला साधारण ३१ दिवसांत पिल्लं होतात आणि व्यायल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते, एवढं लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर मी सहा आठवडे थांबते. नर तेवढे दिवस बाप होऊ शकतो, आणि दोघांच्याही अंगातला जोर उतरायला तेवढा वेळ लागतोच. ससे हाताळण्याचा अनुभव असलेलाच डॉक्टर शोधा. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं, तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपासाची गरज नाही, आणि त्याचं आतडं थांबलं तर जिवावर बेततं.

या सहा आठवड्यांत दोघांचे पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये चार बोटांची फट ठेवून. फट नसेल तर जाळीतून नाकाला चावा बसतो. दर दोन दिवसांनी पिंजऱ्यांची अदलाबदल करा, ट्रे आणि लेंड्यांसकट. दोघं आपापल्या पिंजऱ्यात मधल्या फटीच्या कडेला अंग पसरून झोपायला लागले, की पुढे जा.

आता बैठकीची, म्हणजे दोघांना रोज थोडा वेळ एकत्र सोडायची, जागा. दोघांपैकी एकाचाही पाय जिथे कधी पडलेला नाही अशी जागा हवी. मी शेजारच्या काकूंची आतली खोली वापरते. कुणाकडे बाथरूम असेल, कुणाकडे जिन्यावरचा बंद पॅसेज. फरशी घसरत असेल तर सतरंजी अंथरा, कारण पाय घसरला की ससा बिथरतो आणि बिथरलेला ससा चावतो. साधारण चार फूट बाय सहा फूट जागा पुरते. फार मोठी असली तर पाठलाग लांबतो, फार लहान असली तर हरणाऱ्याला बाजूला व्हायला जागा उरत नाही. सतरंजीवर कोथिंबीर आणि दूर्वा पाच-सहा ठिकाणी विखरून टाका. एकच ढीग नको, त्यावरून भांडण लागतं. एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग सुरूच करू नका. तिशीच्या वर पारा गेला की सशाला उन्हाचा त्रास होतो आणि तापलेल्या सशाकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. हाताशी दोन वस्तू हव्यात: जाड हातमोजे आणि कचरा भरायची प्लॅस्टिकची सुपली. उघडा हात मध्ये घातलात तर चावा तुम्हाला बसेल, आणि तो खोल असतो.

इथून पुढचा टप्पा अवघड. माझी पहिली जोडी इथेच बिघडली होती, म्हणून हे सविस्तर लिहिते.

ठमी आणि बाळ्या. बाळ्या खोलीत आला की मिनिटभरात ठमीच्या पाठीवर चढायचा. मला ते बघवायचं नाही, मी लगेच त्याला उचलून बाजूला ठेवायचे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तीन आठवडे रोज हा खेळ चालला आणि एक पाऊलही पुढे पडलं नाही. पडणार कसं? वर चढणं म्हणजे ‘मी वरचा’ असं सांगणं. नसबंदी झालेला नरही ते करतो, मादीही करते. त्याचं सांगणं पूर्ण होण्याआधीच मी त्याला उचलत होते, म्हणजे पायरीचा निकाल रोज अर्ध्यावर सोडून देत होते. मग वैतागून मी एका अनुभवी म्हणवणाऱ्या ओळखीच्या माणसाचं ऐकलं: ‘तू मध्ये पडतेस म्हणून होत नाही, हात बांधून बस.’ बसले. त्या दिवशी दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गरागरा फिरले, एकमेकांना चावत दोघांचा एकच गोळा झाला आणि मी उठेपर्यंत सुटलेही. चार सेकंद लागले असतील. वरून फक्त उडालेले केस दिसले. आठ दिवसांनी ठमीच्या मांडीवर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही, कापूनच काढावा लागतो. तिला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यानंतर दोन महिने तिने बाळ्याचा वासही सहन केला नाही.

म्हणजे लवकर हात घातला तरी बिघडतं आणि उशिरा घातला तरी बिघडतं. नेमका कधी घालायचा, हे मला चौथ्या-पाचव्या जोडीपर्यंत नीट कळलं नव्हतं. आता मी असं बघते.

मागून चढला आणि खालचा निमूट बसून राहिला, तर मनात दहा आकडे मोजा आणि काही करू नका. खालचा सुटायला धडपडत असेल किंवा मान वळवून चावायला बघत असेल, तर वरच्याला हाताने हळूच खाली ढकला. उचलायचं नाही. उचललं की तो चिडतो आणि खाली ठेवताच दुप्पट जोराने येतो. डोक्याच्या बाजूने चढला तर मात्र एक आकडाही मोजू नका, तत्क्षणी काढा. खालच्याच्या तोंडासमोर वरच्याचं पोट आणि नाजूक अवयव येतात, आणि एका चाव्यात कायमची इजा होते.

पाठलागाचेही दोन प्रकार असतात. एक सरळ धावतो, दुसरा चार पावलं मागे जातो, दोघं थांबतात, कुणीतरी कोथिंबीर खायला लागतं. हे चालू द्या. पण पुढचा मागे वळला आणि दोघांनी एकमेकांच्या शेपटीचा माग धरून रिंगण सुरू केलं, तर दुसरं रिंगण पूर्ण व्हायच्या आत सुपली मध्ये गेली पाहिजे. तिसऱ्या रिंगणाला दोघांचा गोळा होतो. तेव्हा मोठ्याने ओरडणं, टाळ्या वाजवणं, पाणी मारणं यातलं काहीही कामाला येत नाही.

रिंगणाच्या आधीही इशारा मिळतो, फक्त बघणारे कानच बघतात. कान मागे गेले म्हणजे राग, असं सगळे सांगतात. अर्धवट आहे ते. आरामात बसलेल्या सशाचेही कान मागेच असतात. शेपटी बघा. कान मागे, शेपटी ताठ वर, अंग पुढे ताणलेलं आणि जोडीला गुरगुर असेल, तर पुढच्या सेकंदाला झडप आहे. कान मागे पण शेपटी खाली, अंग वडीसारखं पसरलेलं आणि डोळे अर्धे मिटलेले असतील, तर तो ससा निवांत आहे, त्याला अजिबात हलवू नका. तोंडात दोन-चार केस दिसले म्हणून बैठक थांबवू नका. कातडी फाटली असेल तर थांबवा, आणि पुन्हा सुरू करण्याआधी आठवडाभर शेजारच्या पिंजऱ्यांवर परत जा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना फार चकवते. दोघं समोरासमोर येतात आणि दोघंही डोकं जमिनीला टेकवतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं, नमस्कार-चमत्कार झाले. खरं तर दोघंही ‘तू मला चाट’ असं सांगत असतात. कुणीच चाटत नाही, अर्ध्या मिनिटाने एकाचा संयम सुटतो आणि नाकावर चावा बसतो. अशा वेळी मी दोन्ही हातांनी दोघांच्या कपाळावर एकदमच कुरवाळते. दोघांनाही वाटतं की समोरच्याने मान दिला. याने बऱ्याच बैठकी वाचल्या आहेत. नाकाला व्हॅनिला इसेन्स लावण्याचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. ससा दुसऱ्या सशाला वासाने ओळखतो. तो वासच झाकला तर ओळख व्हायची कशी?

पहिली बैठक दहा मिनिटांची. दोघं शांत असतानाच संपवायची, भांडण झाल्यावर नाही. ज्या आठवणीवर बैठक संपते तीच घेऊन ससा दुसऱ्या दिवशी येतो. रोज न चुकता घ्या. दोन दिवसांचा खंड पडला तरी मागे सरकल्यासारखं होतं.

स्कूटरची चक्कर, वॉशिंग मशीनवर ठेवणं, दोघांना एकदम आंघोळ घालणं, हे सगळं मी पूर्ण बंद केलं आहे. तिथे ते चिकटतात हे खरं, पण चिकटतात ते भीतीने. भीती सरली की पहिलं भांडण जिथल्या तिथे असतं. शिवाय धसक्याने सशाचं आतडं मंदावतं. कोणत्याही बैठकीनंतर दहा-बारा तास एखाद्याने खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

दहा मिनिटांचे वीस, विसांचा तास, तासाचे चार तास. कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. एकाने दुसऱ्याला आपण होऊन चाटलं आणि दोघं अंगाला अंग लावून झोपले, की त्याच परक्या जागेत सलग ४८ तास ठेवा. रात्री तुम्हीही तिथेच गादी टाका. सगळ्यात जास्त कुरबुर पहाटे होते.

मग घर. इथे लोक घाई करतात आणि सगळं घालवतात. दोघांना उचलून जुन्या पिंजऱ्यात सोडलं की ज्याचा पिंजरा त्याची हद्द लगेच जागी होते. पिंजरा पाणी घातलेल्या व्हिनेगरने कोपऱ्यांसकट पुसून काढा, जागा बदला, जुनी चादर आणि खोके टाकून द्या. ट्रे, पाणी, गवताची टोपली, सगळं दोन-दोन ठेवा. लपायच्या खोक्याला दोन दारं कापा, एका दाराच्या खोक्यात आत शिरलेला अडकतो. पहिले तीन-चार दिवस थोडं चढणं, थोडा पाठलाग परत दिसेल, घाबरू नका. वर लिहिलेलेच नियम पुन्हा लावा.

एकदा एकत्र आले की त्यांना रात्रीपुरतंही वेगळं करू नका. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दुसऱ्यालाही त्याच टोपलीत न्या. दवाखान्याचा वास लागून परत आलेल्याला घरचा ससा परका समजतो आणि तीन महिन्यांचं काम एका संध्याकाळी जातं. याची जोखीम दोन माद्यांच्या जोडीत जास्त, असा माझा अनुभव. नर-मादीची जोडी सगळ्यात सोपी जमते. नवा ससा आणणार असाल तर हे ध्यानात घ्या.

काही जोड्या जमत नाहीत. तीन महिने नियमाने करूनही दर बैठकीत रक्त येत असेल, तर थांबा. आपल्या हट्टासाठी त्यांना रोज भीतीत ठेवू नका. अकरा जोड्यांपैकी माझ्या दोन फसल्या. त्यातल्या दोन माद्या अजून माझ्याकडेच आहेत, शेजारच्या पिंजऱ्यांत, मधल्या फटीसकट. एकीला दूर्वा घातली की दुसरी जाळीपाशी येऊन बसते. दुपारी दोघीही त्या फटीच्या कडेलाच झोपतात. बाळ्या आणि ठमीचं जमायला एकूण सात महिने लागले, आणि पहिल्यांदा चाटलं ते ठमीने.