वजनाच्या रजिस्टरात नसलेली मुलं

सार्वजनिक धोरणात एम.ए. करायला घेतलं तेव्हा मूल्यमापन म्हणजे योजना संपल्यावर लिहायचा अहवाल, एवढीच माझी समजूत होती. ती बदलली शहापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत.

ठाण्याहून पहाटेची आसनगाव लोकल, पुढे जीप. प्रबंधासाठी मी अमृत आहार योजना घेतली होती. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण देणारी ही योजना राज्यात २०१५ साली सुरू झाली. पुढे तिच्यात लहान मुलांसाठी अंडी-केळीही आली. वाडी कातकऱ्यांची. सप्टेंबरच्या रजिस्टरात कमी वजनाची मुलं बरीच होती, जानेवारीत फारच थोडी. योजना लागू पडली, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

सेविकाताई काट्याची झोळी घडी करत होत्या. म्हणाल्या, "ताई, जी घरं उघडी आहेत तीच मोजलीत तुम्ही. बाकीची दिवाळीनंतर भट्टीवर गेली. आता पावसाच्या तोंडावर येतील."

बाहेर येऊन पाहिलं, तर एकेका दाराला काट्या लावलेल्या. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली घरं सगळ्यात गरीब, आणि त्यांचीच पोरं सगळ्यात हडकुळी. ती रजिस्टरातून गेली आणि वाडीची सरासरी सुधारली. एकाही मुलाचं वजन वाढलं नसतं तरी माझा तक्ता तसाच आला असता.

या शिक्षणाचा गाभा इथेच आहे. योजना नसती तर काय झालं असतं, हे विचारायचं, आणि उत्तर शोधायची सोय योजना आखतानाच करून ठेवायची. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच मुली शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास झाला. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला, आणि ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. कुठलीच शाळा कोरडी राहिली नाही, तरी तुलना करता आली. मुलांचे गुण खरोखर वाढलेले दिसले. अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्गात हे शिकताना मला त्या वाडीतली बंद दारंच दिसत होती.

म्हणून प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम नीट वाचा. धोरणाचे पेपर एकीकडे आणि मूल्यमापन ऐच्छिक म्हणून कोपऱ्यात, असं असेल तर दोनदा विचार करा. फिल्डवर्क किती आठवड्यांचं, तेही विचारा. संख्याशास्त्राला घाबरू नका. मी कलाशाखेची. आधीच्या सुट्टीत रोज तासभर सरासरी, प्रमाण विचलन, नमुना निवड एवढंच घोटलं, आणि ते पुरलं. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, वर्षभर आधी हात बसवलात तर पहिलं सत्र हलकं जातं.

मराठी हे आपलं मोठं बळ आहे. शासन निर्णय मराठीतच निघतात, आणि योजना खरी कळते ती त्यातल्या बारीक अटींमधून. प्रश्नावलीतही तेच. "मागच्या सात दिवसांत किती वेळा अंडं खाल्लं?" याला उत्तर येत नाही. "गेल्या बाजारापासून?" म्हटलं की बाई बोटांवर मोजून सांगते.

नोकऱ्या संशोधन संस्थांत, मोठ्या सामाजिक संस्थांत आणि सरकारी विभागांच्या सल्लागार चमूंत मिळतात. जाहिरातीत 'एम अँड ई' (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन) असं लिहिलेलं असतं, ते हेच काम.

प्रबंध मी थांबवला नाही. गाईडना विचारून आराखडा बदलला आणि फेब्रुवारीत काटा घेऊन भट्ट्यांवर गेले. सेविकाताईंनी रजिस्टरातून नावं उतरवून दिली होती. तिसऱ्या भट्टीवर त्यांतली चार मुलं सापडली. बांबूला काटा टांगून, विटांच्या थप्पीशेजारीच त्यांची वजनं घेतली.